रोबोटची ऑर्डर जाण्याआधी : ऑटोमेशनसाठी एचआर विभागाने करायची तयारी

चाकण, भोसरी किंवा रांजणगावच्या कारखान्यात ऑटोमेशनचा निर्णय साधारणपणे प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि फायनान्स या तीन विभागांच्या बैठकीत होतो. यंत्राची किंमत किती, ती किती महिन्यांत वसूल होईल आणि त्यापायी किती माणसे कमी करता येतील, एवढा हिशेब तिथे मांडला जातो. एचआरला निरोप येतो तो परचेस ऑर्डर गेल्यानंतर, आणि तोही ‘एवढी माणसे मोकळी होत आहेत, त्यांचे काय करायचे ते बघा’ अशा शब्दांत. त्या टप्प्यावर एचआरच्या हातात फारसे काही उरलेले नसते. बदली, स्वेच्छानिवृत्ती किंवा कपात यांपैकी काहीतरी निवडायचे, युनियनची नाराजी अंगावर घ्यायची आणि पुढच्या करारापर्यंत दिवस ढकलायचे. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात वीसहून अधिक वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, ऑटोमेशनशी जुळवून घ्यायचे तर एचआरने सर्वप्रथम आपली खुर्ची त्या पहिल्या बैठकीत नेऊन ठेवली पाहिजे. ती कोणी आपण होऊन देत नाही. प्रॉडक्शनकडे नसलेली माहिती आपल्याकडे असेल, तरच ती मिळते. ही माहिती कशी जमवायची आणि तिचे पुढे काय करायचे, ते येथे लिहिले आहे.

सुरुवात आपल्याच टेबलापासून

दुसऱ्याच्या कामात यंत्र आणण्याविषयी बोलण्याआधी एचआरने ते आपल्या कामात आणून पाहावे. हजेरी, रजांचा हिशेब, पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) भरणा ही कामे नियमाने बांधलेली आणि दर महिन्याला त्याच क्रमाने येणारी आहेत. पीएफची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावीच लागते; त्यात तारतम्य वापरण्यासारखे काही नाही. अशी कामे सॉफ्टवेअरकडे खुशाल द्यावीत, परंतु देण्याआधी ती आजवर कशी होत होती हे, ती करणाऱ्या माणसाशेजारी बसून, कागदावर उतरवून घ्यावे.

आम्ही हे केले नव्हते. मी पूर्वी जिथे काम करत होतो, तिथे पगाराचे नवे सॉफ्टवेअर बसवल्यावर नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी असे तीन महिने जुन्या पद्धतीशी ताडून पाहिले. पैसा न् पैसा जुळला. जुनी पद्धत बंद केली आणि पहिल्याच फेब्रुवारीत चूक झाली. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये होतात. पगारपत्रक करणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडपाठ असते, म्हणूनच ते कोणी लिहून दिले नव्हते, आणि सॉफ्टवेअरने सर्वांचे २०० रुपयेच कापले. हे काम वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या सहकाऱ्याची तोवर रांजणगावला बदली झाली होती. त्याच्या रिकाम्या टेबलामागे जुने कॅलेंडर तसेच टांगलेले होते आणि त्यावर फेब्रुवारीच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘३००’ लिहून गोल केलेला होता.

तेव्हापासून चाचणीसाठी मी सरळ नोंदी घेत नाही, अडचणीच्या घेतो. मासिक पगार २५,००० रुपयांच्या आत असल्यामुळे व्यवसाय करातून सूट मिळणारी महिला, महिन्याच्या मध्यावर रुजू झालेला ट्रेनी, ईएसआयसीची २१,००० रुपयांची मर्यादा वर्गणीच्या सहामाहीत मध्येच ओलांडलेला आणि तरीही त्या सहामाहीच्या अखेरपर्यंत योजनेतच राहणारा हेल्पर, अशी दहा-पंधरा उदाहरणे हाताने सोडवावीत आणि मग सॉफ्टवेअरची उत्तरे पाहावीत. नावांचीही एक वेगळी चाचणी करावी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर आणि लग्नानंतर सगळेच वेगळे, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. बाहेरून आणलेले सॉफ्टवेअर त्यात चार माणसे पाहते.

अर्ज चाळण्याच्या कामात अधिक सावध राहावे. अॅमेझॉनने २०१४ पासून तयार केलेली अशी एक प्रणाली महिलांच्या अर्जांना कमी गुण देत असल्याचे आढळले आणि ती गुंडाळावी लागली, ही बातमी २०१८ साली जगभर गाजली. जुन्या निवडींवरून शिकलेल्या प्रणालीने जुना पक्षपातही शिकून घेतला होता. आपल्याकडे याचे रूप निराळे असते. ‘डिप्लोमा’ हा शब्द शोधणारी चाळणी, आयटीआय करून दहा वर्षे सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे मशीन) चालवलेल्या माणसाला पहिल्याच फेरीत बाहेर काढते. यावरचा उपाय सोपा आहे : आज आपल्याकडे उत्तम काम करणाऱ्या वीस जणांचे, ते रुजू झाले तेव्हाचे अर्ज त्या चाळणीतून घालून पाहावेत. त्यातले आठ जण गळले, तर चाळणी बदलावी.

निलंबन, खातेनिहाय चौकशी, छळाची तक्रार आणि मृत कामगाराच्या घरच्यांची कागदपत्रे ही कामे मात्र माणसाकडेच ठेवावीत. नवरा गेल्यानंतर पंधरा दिवसांनी पीएफ, पेन्शन आणि विम्याचे अर्ज घेऊन आलेल्या बाईला चॅटबॉटच्या खिडकीकडे पाठवणे हा खर्च वाचवण्याचा मार्ग होऊ शकत नाही. पगारपत्रकातून वाचलेले तास अशाच कामांवर खर्च व्हावेत.

कामांची यादी

ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०१३ साली ७०२ व्यवसायांचा अभ्यास करून, अमेरिकेतील सुमारे ४७ टक्के रोजगार ऑटोमेशनच्या मोठ्या धोक्यात आहेत, असा अंदाज मांडला होता. हा आकडा आजही कार्यक्रमांतून ऐकायला मिळतो. २०१६ साली ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात हेच प्रमाण २१ देशांत सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास निघाले. एवढी तफावत पडली, कारण पहिल्या अभ्यासात संपूर्ण व्यवसाय एकसंध धरला होता आणि दुसऱ्यात त्या व्यवसायातली प्रत्यक्ष कामे वेगवेगळी पाहिली होती. एचआरने यातून घ्यायची पद्धत एवढीच आहे की, पद न मोजता त्या पदावरचा माणूस दिवसभरात काय काय करतो ते मोजावे.

एका ब्रॅकेट बनवणाऱ्या युनिटमध्ये मी हा फरक जवळून पाहिला. वेल्डिंगच्या टेबलावर एका शिफ्टला चार जण होते आणि चौघांच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये ‘वेल्डिंग करणे’ एवढेच लिहिले होते. रोबोट आला, चौघांना हलवले आणि पहिल्याच आठवड्यात रिजेक्शन वाढले. रोबोटचे काही चुकत नव्हते. तो सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या वेगाने वेल्ड घालत होता. प्रेस शॉपमधून येणाऱ्या दोन पत्र्यांमधली फट मात्र दर वेळी सारखी नसायची. हाताने वेल्डिंग करणारा माणूस ती फट पाहून वेल्डिंग टॉर्चचा वेग कमी-जास्त करायचा, फारच मोठी असेल तर पार्ट बाजूला काढायचा आणि जेवणाच्या सुट्टीत प्रेसवाल्याला जाऊन सांगायचा की, ‘डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बघून घे.’ फट ओळखणे, ती सांभाळून घेणे, खराब पार्ट रोखणे आणि मागच्या विभागाला खबर देणे ही चार कामे कंपनीच्या कोणत्याही कागदावर नव्हती. माणसे हलवल्याबरोबर तीही गेली.

म्हणून यादी करताना प्रत्यक्ष जागेवर जाऊन दोन पूर्ण शिफ्ट पाहाव्यात, आणि त्यातली एक रात्रपाळीची असावी, कारण सुपरवायझर कमी असताना कामगार स्वतःच्या अकलेने काय काय निभावून नेतो, ते रात्रीच दिसते. प्रत्येक कामासमोर ते किती वेळा होते, किती मिनिटे घेते, त्यात डोळ्यांचा, कानांचा किंवा हाताच्या अंदाजाचा किती भाग आहे आणि ते बंद पडले तर पुढे कोणाचे अडेल, हे लिहावे. शेवटी कामगारालाच विचारावे की, ‘तुम्ही आठ दिवस रजेवर गेलात तर काय बिघडेल?’ माझ्या अनुभवात यादीतल्या सर्वांत महत्त्वाच्या नोंदी या प्रश्नातून येतात. स्टॉपवॉच घेऊन मात्र जाऊ नये. ते दिसले की गप्पा बंद होतात.

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या कार्यालयांनाही हीच पद्धत लागू पडते. सॉफ्टवेअर टेस्टिंग, सपोर्ट डेस्क आणि बिलांच्या नोंदी यांतली सोपी कामे यंत्राकडे जात आहेत, आणि नेमकी तीच कामे आजवर फ्रेशर करत असे. ती गेली तर पाच वर्षांनी अनुभवी माणूस तयार कुठून होणार, हा प्रश्न यादी केल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे यंत्राला जमणारी काही कामे शिकण्यासाठी म्हणून जाणीवपूर्वक माणसांकडे ठेवावीत आणि त्याचा खर्च प्रशिक्षणाच्या खात्यावर टाकावा.

प्रस्तावाला जोडायचे पान

यादी तयार झाल्यावर यंत्रखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावाला एचआरचे एक पान जोडले जाईल, अशी व्यवस्था करून घ्यावी. कोणती कामे यंत्राकडे जातील, कोणती उरतील, कोणती नव्याने निर्माण होतील आणि ती कोण करील, हे त्यात असावेच. परंतु ज्या गोष्टींमुळे नंतर वाद पेटतात, त्या बहुधा पैशाच्या असतात आणि प्रस्तावात त्यांचा उल्लेखही नसतो.

पहिली गोष्ट ओव्हरटाइमची. समजा एखाद्या ऑपरेटरचा पगार २६,००० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले, तर तासाला १२५ रुपये पडतात आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने २५० रुपये होतो. महिन्याला २४ तास ओव्हरटाइम केला, तर ६,००० रुपये जास्तीचे मिळतात. यंत्र आल्यावर या माणसाची नोकरी जात नाही, कपातीच्या कोणत्याही आकड्यात तो दिसत नाही, पण मोशीच्या फ्लॅटचा हप्ता ज्या पैशांतून जात होता ते पैसे थांबतात. कंपनीच्या लेखी ‘कोणाचेही नुकसान झाले नाही’ आणि त्याच्या घरी सहा हजारांचा खड्डा पडला, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात. गेल्या बारा महिन्यांचा ओव्हरटाइम माणसागणिक काढून तो पानावर मांडावा आणि उत्पन्नातली ही घट काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने व्हावी यासाठी भत्त्याची तरतूद यंत्राच्या किमतीतच धरावी.

दुसरी गोष्ट प्रॉडक्शन इन्सेंटिव्हची. ज्या करारात ठरलेल्या नगांच्या वरच्या उत्पादनावर पैसे मिळतात, तिथे रोबोटने काढलेले नग कोणाचे, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात उभा राहतो. व्यवस्थापन म्हणते, नग यंत्राचे. कामगार म्हणतो, यंत्र बंद पडले की नग माझे आणि चालू असले की तुमचे, असे कसे? यावरचा तोडगा यंत्र सुरू होण्याआधी लेखी ठरवावा. नगांऐवजी यंत्राचा चालू वेळ, रिजेक्शन आणि सेटिंग बदलायला लागणारा वेळ यांवर इन्सेंटिव्ह बांधणे मला अधिक न्याय्य वाटते, कारण माणसाच्या हातात राहिलेल्या गोष्टी त्याच आहेत.

तिसरी गोष्ट कंत्राटी कामगारांची, आणि इथे एचआरने स्वतःकडे थोडे कठोरपणे पाहावे. ‘आमच्याकडे ऑटोमेशनमुळे एकाही माणसाची नोकरी गेली नाही’ हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकले आहे आणि एक-दोनदा बोललोही आहे. कायम कामगाराला दुसऱ्या लाइनवर हलवायचे आणि त्या लाइनवरच्या कंत्राटी हेल्परला ठेकेदाराकडे परत पाठवायचे, एवढाच त्याचा अर्थ असतो. हेल्पर कंपनीच्या मस्टरवर (हजेरीपटावर) नसल्यामुळे तो कमी झाल्याची नोंद कुठेच होत नाही. पानावर कायम, ट्रेनी आणि कंत्राटी असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत, ठेकेदाराला किमान तीन महिने आधी लेखी कळवावे आणि नव्या कामांसाठी माणसे घेताना याच लोकांना प्रथम विचारावे. यंत्राची परतफेड एखाद-दुसऱ्या महिन्याने लांबेल, तेवढी लांबावी.

युनियन आणि कायदा

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती तशी बदलाच्या नोटिशीची तरतूद तिच्यातही आहे : कामगार कपात होण्याची शक्यता असलेली यंत्रे किंवा तंत्र आणायचे असेल, तर बाधित कामगारांना नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर २१ दिवस बदल करता येत नाही. कपात करायचीच झाली, तर वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन आणि शासनाला सूचना, ही किमान पूर्तता आहे. ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला पूर्वपरवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती. संहितेने पुनर्कौशल्य निधीही आणला आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन त्यात जमा करायचे आणि ती रक्कम कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात पोहोचायची. तरतूद स्वागतार्ह आहे, परंतु १५ दिवसांच्या वेतनात बाहेर पडलेला माणूस नवे कौशल्य काय शिकणार, हे ज्याने घर चालवले आहे त्याला सांगावे लागत नाही. शिकवायचे ते माणूस पगारावर असतानाच शिकवावे. राज्याचे नियम आणि आपल्या आस्थापनेला नेमके काय लागू आहे, हे प्रत्येक वेळी कामगार सल्लागाराकडून लेखी घ्यावे.

२१ दिवस हा कायद्याचा आकडा आहे. युनियनशी बोलायला तेवढ्यावर थांबू नये. प्रस्ताव मंजूर होण्याच्या सुमारासच, कामांची यादी आणि वरचे पान घेऊन पदाधिकाऱ्यांसोबत बसावे. कागद हातात ठेवून झालेली चर्चा आणि गेटवर यंत्राचा कंटेनर पाहून झालेली चर्चा यांत फार फरक पडतो. भारतात याचा जुना दाखला बँकांचा आहे. १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराबाबत करार झाला, त्यात मर्यादा घालून घेतल्या गेल्या आणि पुढची पावले नंतरच्या करारांनी पडली. वेग कमी होता, हे खरे. तरीही कोणते यंत्र कुठे येणार, हे कर्मचाऱ्याला आधी ठाऊक होते.

कॅमेरे, हातावरचे सेन्सर किंवा यंत्राच्या लॉगवरून माणसाचा वेग मोजणारी प्रणाली येत असेल, तर डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ ध्यानात ठेवावा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, आणि माहितीची पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काय मोजले जाते, कोण पाहते आणि किती दिवसांनी पुसले जाते, हे मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावावे.

शिकवणे

प्रशिक्षणाची सुरुवात यंत्र कारखान्यात येण्याआधी करावी. सप्लायरकडे यंत्राची चाचणी होते, तेव्हा इंजिनिअरांसोबत दोन ऑपरेटरही पाठवावेत; त्यांना तिथे जे प्रश्न पडतात, ते इंजिनिअरांना पडत नाहीत आणि दुरुस्ती करून घेण्याची ती सर्वांत स्वस्त वेळ असते. त्यानंतर एक अनुभवी, हाताने काम केलेला कामगार आणि एक आयटीआयचा तरुण अशी जोडी लावावी. टीच पेंडंटची, म्हणजे रोबोटला हालचाली शिकवायच्या हातातल्या पॅनेलची, बटणे तरुणाला दोन दिवसांत येतात, वेल्ड कसा दिसला पाहिजे हे दुसऱ्याला ठाऊक असते, आणि एकमेकांना शिकवताना दोघांचीही भीड चेपते. वय पाहून नावे काढू नयेत. मी पाहिलेला सर्वांत चांगला रोबोट ऑपरेटर शिकायला लागला तेव्हा एकावन्न वर्षांचा होता आणि त्याने पेंडंटवरचे इंग्रजी एरर मेसेज देवनागरीत लिहून वहीच केली होती. पुढे त्या वहीची झेरॉक्स रोबोटच्या प्रत्येक सेलवर (कामाच्या जागेवर) लागली.

वर्ग कामाच्या वेळेतच घ्यावेत. शिफ्ट संपल्यावर घेतलेल्या वर्गात लोकांचे लक्ष कंपनीच्या बसकडे असते. बाहेरची मदत हवी असल्यास औंधचे शासकीय आयटीआय, १९३४ पासून काम करणारी मराठा चेंबर ही उद्योजकांची संस्था आणि इंडस्ट्री ४.० साठी, म्हणजे संगणकाने जोडलेल्या कारखान्यांसाठी, पुण्यातच सुरू झालेली सी-फोर-आय-फोर लॅब यांच्याशी बोलावे. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अॅप्रेंटिस घ्यावे लागतात. ही भरती कायद्यापुरती न करता, यादीत नव्याने निघालेल्या कामांशी जोडावी. भोसरीतल्या लहान युनिटमध्ये, जिथे एचआर, अॅडमिन आणि कॅन्टीन एकाच माणसाकडे असते, तिथे हे सगळे एकदम होणार नाही. तिथे एक लाइन, एक यादी आणि एक पान एवढ्यापासून सुरुवात केली तरी चालते.

यंत्र सुरू झाल्यावर

तीन आणि सहा महिन्यांनी तेच पान पुन्हा काढावे आणि लिहिलेले व घडलेले शेजारी शेजारी ठेवावे. हलवलेली माणसे आज कुठे आहेत, त्यांच्या हातात महिन्याला किती पडते, कोण सोडून गेले, यंत्र किती तास बंद राहिले आणि ते कोणी सुरू केले, हे पाहावे. वर सांगितलेल्या ब्रॅकेटच्या युनिटमध्ये हे उशिरा का होईना, झाले. चार वेल्डरांपैकी दोघांना प्रेस शॉप आणि रोबोट यांच्या मधोमध बसवले, फट मोजायला गेज दिले आणि डाय थांबवण्याचा अधिकार दिला. त्यांच्या पदाला नाव नव्हते. पुढच्या करारात ते ‘फिट-अप इन्स्पेक्टर’ म्हणून आले आणि ग्रेड एका पायरीने वाढली.